नोकरी करणारी आई आणि घरी असणारी आई: मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाची बैठक असो, शाळेतली पालकसभा असो की संक्रांतीचं हळदीकुंकू, काही प्रश्न ठरलेले असतात. काही तोंडावर विचारले जातात, काही ती बाई उठून गेल्यावर. दोन्ही प्रकारचे इथे घेतले आहेत. कायद्याचं उत्तर असेल तिथे कायदा सांगितला आहे. बाकी ठिकाणी आमचं मत आहे, ते मत म्हणूनच वाचावं.

आमच्या गावात नोकरी करणाऱ्या आया बोटावर मोजण्याएवढ्या. बाकी सगळ्या घरीच असतात. मग हा प्रश्न शहरातल्या बायकांचाच ना?

मोजणीत गडबड आहे. गावात ‘नोकरीवाली’ म्हटलं की जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई, उपकेंद्रातल्या नर्सबाई, फार तर तलाठी किंवा ग्रामसेविका डोळ्यांसमोर येतात. त्यांचा पगार बँकेत जमा होतो आणि त्या सकाळी पर्स घेऊन एसटीला उभ्या असतात, म्हणून दिसतात. पण सोयाबीनच्या खुरपणीला रानात वाकलेली कोण असते? दिवाळीच्या आगेमागे कापूस कोण वेचतं? दुसऱ्याच्या रानात वेचला तर किलोमागे मजुरी तरी मिळते, स्वतःच्या रानात तीही नाही. रात्री घरी येऊन भाकरी तिनेच थापायच्या असतात. शाळेच्या प्रवेश अर्जात ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना आला की तिच्यापुढे ‘घरकाम’ लिहिलं जातं. बऱ्याचदा तिला न विचारताच.

अंगणवाडी सेविका आणि आशाताई तर मधल्यामध्ये लोंबकळतात. अंगणवाडीची योजना १९७५ साली सुरू झाली. तिथल्या सेविकेला आजही पगार मिळत नाही, मानधन मिळतं. गावाच्या लेखी ती नोकरीवाली नाही, आणि सासूच्या लेखी ती घरी थांबत नाही.

तेव्हा आपल्याकडे काम सगळ्याच आया करतात. काहींच्या कामाची पगारपावती निघते, बहुतेकींच्या निघत नाही. मान त्या पावतीला मिळतो. पुढचे बरेचसे प्रश्न इथूनच निघतात.

“घरीच तर असती, दिवसभर काय करती?” या टोमण्याला काय उत्तर द्यावं?

आकडा द्यावा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं निघाली. ही फक्त ‘करणाऱ्या’ पुरुषांची सरासरी आहे हे लक्षात घ्या. घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ होते, बायका ८१. लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ यात धरलेलाच नाही, तो वेगळा मोजला आहे.

त्यात आपल्याकडच्या पाण्याची भर घाला. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. पण ज्या वर्षी बातमी होत नाही त्या वर्षीही मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आणि शहरांतल्या वस्त्यांत नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. पाणी यायच्या दिवशी घरी कोणीतरी लागतंच. ते ‘कोणीतरी’ कोण, हे सांगायची गरज नाही. ती नोकरीवाली असली तर तिची अर्धी रजा जाते, घरी असली तर तिची दुपार जाते आणि कुठे मांडलीही जात नाही.

न्यायालयाने मात्र मांडली आहे. जमशेदपूरला १९८९ साली एका कार्यक्रमात आग लागून बायका-मुलं दगावली. त्या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. २०१० साली एका अपघाताच्या दाव्यात याच न्यायालयाने जनगणनेवर बोट ठेवलं: २००१च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, बिनउत्पादक म्हणून बसवलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये अपघातात मरण पावलेल्या दिल्लीच्या एका जोडप्याच्या प्रकरणात न्यायालयाने गृहिणीचं उत्पन्न गृहीत धरून भरपाई वाढवली, आणि निकालात वरचेच २९९ आणि ९७ हे आकडे घेतले.

याचा व्यवहारातला उपयोग कडू आहे, पण सांगायला हवा. रस्ता अपघातात घरची बाई गेली आणि विमा कंपनीचा माणूस “त्या कमावत नव्हत्या” म्हणत थोडक्यात तडजोड करायला आला, तर सही करू नका. मोटार अपघात न्यायाधिकरणात गृहिणीचं उत्पन्न धरावंच लागतं.

नोकरी करणाऱ्या आईची लेकरं बिघडतात का?

नाही. लेकराला पोटभर खायला, जीव लावणारं एक ठरलेलं माणूस आणि घरात शांतता लागते. हे आई घरी असूनही नसू शकतं आणि ती बँकेत असूनही असू शकतं.

हा प्रश्न बापाबद्दल कधीच विचारला जात नाही, यातच त्याची पारख होते. वाळूजच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा बाप आठवडाभर लेकराला जागेपणी भेटत नाही, तेव्हा “बिचारा लेकरांसाठी राबायला” असं म्हणतात. तीच शिफ्ट आईने केली की “लेकराकडं लक्ष नाही.” गणितात कमी मार्क पडले तर पालकसभेत आईला बोलावतात, पहिला नंबर आला तर पेपरात बापाचा फोटो येतो.

आम्ही स्थळ पाहतोय. नोकरीवाली सून पाहिजे, पण घरचं सगळं करणारी. यात चूक काय?

चूक नाही, हिशेब आहे, आणि तो एकतर्फी आहे. दुष्काळ, सोयाबीनचा पडलेला भाव, फिटत नसलेलं पीककर्ज, यामुळे ठरावीक तारखेला येणारा पगार घरात हवासा वाटतो हे खरं. म्हणून बायोडाटात ‘नोकरी’ लिहिलेली मुलगी लगेच निवडली जाते. पण बैठकीत विचारायचे प्रश्न विचारले जात नाहीत. पगार कोणाच्या खात्यावर जमा होईल? एटीएम कार्ड कोणाकडे राहील? माहेरी पैसे पाठवायचे असतील तर कोणाला विचारावं लागेल? बदली झाली तर कोण कोणाकडे राहायला जाईल? मुलीच्या बापाने हे विचारले की “पोरगी लई शिकलेली दिसती” म्हणून स्थळ मोडतं. अशी स्थळं मोडलेली बरी.

उलटंही घडतं. “आम्हाला सुनेचा पगार नको” असं अभिमानाने सांगणाऱ्या घरात शिकलेल्या मुलीचा अर्ज भरायला फोटो काढून आणू देत नाहीत. मोठेपणाच्या नावाखाली तिथेही निर्णय दुसऱ्याच्याच हातात असतो.

शिकून-सवरून घरी बसली, शिक्षण वाया गेलं. खरं ना?

आधी नोकरी होती का ते पाहा. एकेकाळी तालुक्या-तालुक्यात डी.एड. कॉलेजं निघाली. आईबापांनी रान विकून मुलींना डी.एड. केलं, आणि मग शिक्षकभरती वर्षानुवर्षं रखडली. आज घरी असणाऱ्या कितीतरी आया त्या पिढीतल्या आहेत. त्यांनी घर निवडलं नाही, जागाच निघाली नाही. त्यांना ‘घरी बसली’ म्हणणं म्हणजे पाऊस पडला नाही म्हणून शेतकऱ्याला आळशी ठरवणं आहे.

बाळंतपणाची रजा किती मिळते? कंपनी नाही म्हणते.

मातृत्व लाभाचा कायदा १९६१चा होता, नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, तिसऱ्यापासून १२ आठवडे. प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. राज्य सरकारी कर्मचारी महिलांना १८० दिवसांची प्रसूती रजा आहे, शिवाय मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत टप्प्याटप्प्याने घेता येणारी १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे.

कंपनी तोंडी नाही म्हणत असेल तर तेच लेखी मागा. लेखी नकार द्यायला सहसा कोणी तयार होत नाही. कंत्राटदारामार्फत कामाला असाल तरी कायदा लागू आहे, फक्त हजेरीचे आणि पगाराचे कागद जपून ठेवा, कारण ८० दिवस सिद्ध करायची वेळ येते.

बापाला? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. खाजगी नोकरीत मालकाच्या मर्जीवर.

आणि जिला मालकच नाही तिला?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये हप्त्यांनी, दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. चौकशी गावातल्या अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे करावी. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचं किती दिवसांचं काम बुडतं ते पाहिलं तर ही रक्कम तोकडी आहे, पण सोडू नका.

कामावर रुजू झाल्यावर अंगावरचं दूध तोडावं लागतं का?

नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढेही ते चालू ठेवावं, असंच डॉक्टर सांगतात. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या कायद्याने आहेत. काढून ठेवलेलं दूध साधारण २५ अंश तापमानात चार तास टिकतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, त्यामुळे ते लगेच फ्रीजमध्ये ठेवावं आणि वाटी-चमच्याने पाजावं.

लेकरू कोणाकडे ठेवायचं?

आपल्याकडे याचं उत्तर आजी असतं. आत्याबाई (सासूबाई) घरी असतील तर त्या, नसतील तर लेकरू आजोळी. नांदेडला नोकरी आणि दोन वर्षांचं पोर हिंगोलीजवळच्या खेड्यात आईच्या आईकडे, असे संसार कितीतरी आहेत. शनिवारी रात्री पोहोचायचं, रविवारी संध्याकाळी पोर झोपल्यावर निघायचं. यावर “कशाला मग पोर जन्माला घातलं” असं बोलणाऱ्यांनी एक रविवार त्या बसमध्ये बसून पाहावं.

अंगणवाडी आहे, पण ती नोकरीच्या वेळेला पुरत नाही. तिथे तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास बसतात. तीन वर्षांखालच्या बाळांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. पाळणाघरं मोठ्या शहरांत आहेत, तालुक्याला शोधावी लागतात.

आजीबद्दल एक गोष्ट मात्र राहून जाते. जिने आपली लेकरं वाढवताना कधी उसंत घेतली नाही, तिला साठीत पुन्हा तेच काम लागतं, आणि तेही ‘नातवाच्या मायेनं’ या नावाखाली फुकट. नोकरी करणाऱ्या लेकीसुनांनी आजीच्या हातात दरमहा काही रक्कम ठेवावी असं आमचं मत आहे. भावनेचा अपमान वगैरे काही होत नाही. आजीलाही औषधं विकत आणावी लागतात.

महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) सणाला रजा मिळत नाही. जाऊबाई म्हणतात, “तुमचं बरंय, आयत्या ताटावर येता.”

जाऊबाईंचं अर्धं बरोबर आहे. तीन दिवसांचा सण, दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या, सोळा भाज्या, कढी, पंचामृत, त्यात सोवळं. तो डोंगर घरी असणारीने एकटीने उचलायचा आणि नोकरीवालीने नवी साडी नेसून हळदीकुंकवाला बसायचं, यात कुढण होणारच. पैशाने ती भरून निघत नाही, पण “मी भाज्या निवडून-चिरून आणते, पुरण आदल्या रात्री मी घालते” असं ठरवल्याने बरीच कमी होते. उरलेलं अर्धं असं, की त्याच घरात दोघींचे नवरे असतात आणि मखर लावून झालं की त्यांचा सण सुरू होतो. त्यांना आयतं ताट का चालतं, हे दोघींनी मिळून विचारायचं आहे.

लातूर-धाराशिवकडे येळवशीला (वेळा अमावास्येला) प्रशासनाची स्थानिक सुट्टी असते, त्यामुळे नोकरीवालीही रानात पोहोचते. भज्जी, आंबिल, उंडे यांची तयारी मात्र आदल्या दिवसापासून बायकांचीच.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना तुम्ही यात कुठे बसवता?

त्या या चर्चेत कोणाला आठवतच नाहीत, म्हणून हा प्रश्न मुद्दाम घेतला. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती एका कोयत्याची, आणि पैसे हातात पडतात नवऱ्याच्या. बाई पहाटे चूल पेटवते, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहते, गाडी भरते. कामाला न जाण्याचा दिवस म्हणजे खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पाळी, बाळंतपण, गर्भपात, काहीही असो. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायकांच्या बातम्या २०१९ साली देशभर गाजल्या, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली.

या बाईला ‘नोकरी करणारी आई’ म्हणून कोणी नावं ठेवत नाही, आणि ‘घरी राहून संस्कार करणारी’ म्हणून कोणी कौतुकही करत नाही. लेकरं फडावर नेली तर शाळा बुडते, गावी ठेवली तर आई दिसत नाही. त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृहं आणि संत भगवान बाबा वसतिगृह योजना आहे. मुख्याध्यापकांना हंगामाआधीच गाठा, गाड्या निघाल्यावर धावपळ उपयोगाची नाही.

मुलीला अकरावीला लातूरला टाकायचंय. सगळे म्हणतात आईनं सोबत राहावं. नोकरी सोडू का?

सोडू नका. निदान राजीनामा देऊ नका.

लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांभोवती खोल्या करून राहणाऱ्या आयांची एक वेगळीच वस्ती झाली आहे. नांदेड, बीड, परभणी, सोलापूर, कुठून कुठून येतात. एक खोली, एक गॅस, पोरगी ‘नीट’चा अभ्यास करते आणि आई डबा, चहा, कपडे आणि रात्रीची सोबत. बाप रविवारी फळं घेऊन येतो. यात मायेची कमतरता कुठेच नाही, पण पाहा: दोन वर्षांनी मुलगी कॉलेजला जाईल आणि चाळिशी ओलांडलेल्या आईच्या हातात काय असेल? मार्क चांगले पडले तर पोरगी हुशार म्हणतील. कमी पडले तर “माय संग राहून काय केलं” म्हणतील.

सरकारी नोकरी असेल तर बालसंगोपन रजेचे उरलेले दिवस परीक्षेच्या आधीच्या महिन्यांसाठी राखून ठेवा. दोन-तीन मैत्रिणींच्या मुली एकत्र ठेवून आयांनी पाळीपाळीने राहण्याचा प्रयोग करून पाहा. मुलींचं वसतिगृह आणि घरगुती मेस हा पर्याय वाटतो तितका वाईट नाही. आणि बापाला स्वयंपाक येत असेल तर बापाने जाऊन राहावं. येत नसेल तर शिकायला दोन वर्षं खूप झाली.

नवरा भांडी घासतो म्हणून शेजारी हसतात.

हसू द्या. भांडी स्वच्छ होतात.

घरी असणाऱ्या आईनं स्वतःच्या नावावर काय करून ठेवावं?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, म्हणून उत्तर नीट वाचा. शेती असेल तर सातबाऱ्यावर नाव. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीने बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. ही तरतूद १९९२पासून आहे, तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. शहरात घर घेत असाल तर बाईच्या नावावरच्या खरेदीला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्यासोबत संयुक्त खातं आणि स्वतःचं एटीएम कार्ड. जुलै २०२४च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेही नवऱ्यांना हेच सुचवलं आहे. विम्याची आणि भविष्यनिर्वाह निधीची नॉमिनी कोण आहे, ते कागद उघडून पाहा. कितीतरी घरांत लग्नाआधी लावलेलं नवऱ्याच्या आईचं नाव तसंच असतं, आणि मग सासू-सुना दोघी अडचणीत येतात.

लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये येत असतील तर ते स्वतःच्या खात्यातच ठेवा. ते किराण्यात जिरवायचे की नाही, हे तुम्ही ठरवा.

नोकरी सोडून काही वर्षं झाली. परत सुरू करता येईल का?

राज्य सेवेच्या बहुतेक पदांना खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं आहे. जाहिरात नीट वाचा, पदानुसार फरक पडतो. टीईटीचं (शिक्षक पात्रता परीक्षेचं) प्रमाणपत्र २०११ नंतरचं असेल तर आता ते कायमचं वैध आहे, “मुदत संपली” असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. खाजगीत मुलाखतीला गेल्यावर “मध्ये गॅप का?” असं विचारतील. “लेकरं लहान होती” एवढंच सांगा, खुलासा देत बसू नका. मूळ प्रमाणपत्रं सासरच्या कपाटात कुठे ठेवली आहेत ते आजच शोधून ठेवा, कारण अर्जाची शेवटची तारीख असते त्याच दिवशी नळाला पाणी येतं.